थंडीतली बंद घरं, सोसायटी आणि खालचे गाळे : तुम्ही काय बंदोबस्त करता?

ओसरी

नमस्कार मंडळी. पुण्यात आमची जुनी सोसायटी आहे. खाली दुकानांचे गाळे, वर तीन मजले घरं. यंदा सेक्रेटरीपद माझ्याकडे आलंय, म्हणून हा धागा.

डिसेंबर-जानेवारीत आमची इमारत निम्मी रिकामी असते. कुणी लग्नाला, कुणी नाताळच्या सुट्टीत गावी, कुणी परदेशी मुलांकडे. संध्याकाळी सहालाच अंधार पडतो आणि सकाळी सातपर्यंत धड उजाडत नाही. खिडक्या बंद, माणसं पांघरुणात. नुकतेच शेजारच्या गल्लीत एकाच रात्री दोन बंद फ्लॅट फुटले. मी जाऊन पाहिलं. दाराचं कुलूप होतं तसं बंद, त्याला ओरखडाही नाही. कोयंडाच स्क्रूंसकट चौकटीतून उपटून काढलेला. चौकटीत राहिलेली भोकं बघितली, जेमतेम अर्ध्या इंचाचे स्क्रू असतील.

त्यानंतर मीटिंग झाली आणि बहुतेकांचं म्हणणं पडलं की आणखी कॅमेरे लावू. माझं मत वेगळं आहे. पैसा आधी दारांवर आणि रात्रीच्या वॉचमनवर खर्च व्हावा, कॅमेरे नंतर. गाळेवाल्यांचाही प्रश्न आहेच, कारण रात्री नऊनंतर खाली चिटपाखरू नसतं. तुमच्याकडे काय करता? घर, दुकान, गोडाऊन, सगळ्याबद्दल लिहा.

खारीबिस्किट

कॅमेऱ्यांना इतकं कमी लेखू नका. आमच्या सोसायटीत दोन दुचाकी गेल्या होत्या, त्या कॅमेऱ्यामुळेच परत मिळाल्या. गाडीचा नंबर नाही दिसला, पण चोर कुठल्या रस्त्याने गेला ते दिसलं आणि पोलिसांनी पुढच्या चौकातलं चित्रण काढलं.

शटरवाला

माझं लातूरला हार्डवेअरचं दुकान आहे. कुलपं, कोयंडे, शटरचं सामान रोज विकतो, म्हणून जरा सविस्तर.

ओसरी, तुम्ही पाहिलंत ते अगदी नेहमीचं आहे. लोक दीड हजाराचं कुलूप घेतात आणि ते साठ रुपयांच्या कोयंड्यात अडकवतात. चोराला कुलपाशी काही देणंघेणं नसतं. तो कटावणी कोयंड्याच्या मागे घालतो आणि एक हिसका देतो. कोयंडा स्क्रूने नका बसवू. आरपार बोल्ट टाका आणि नट आतल्या बाजूला येऊ द्या. मग कोयंडा उपटायचा तर फळीच फोडावी लागते आणि त्याचा आवाज होतो.

दुसरं म्हणजे बाहेर लोंबणारं कुलूप ही जगाला दिलेली वर्दी आहे, ‘आम्ही घरी नाही’. दारातच बसणारं लॉक लावा. बाहेरून बघणाऱ्याला आत माणूस आहे की नाही ते कळता कामा नये.

आता दुकानं. शटरला दोन्ही कडांना कुलपं असतात, त्यामुळे मालक निर्धास्त. पण शटर फुटतं ते मधून. दोन-तीन जण मधला भाग वर उचकटतात, पट्ट्या वाकतात आणि एक बारीक माणूस आत सरकतो. म्हणून शटरच्या मधोमध बसणारं सेंट्रल लॉक हवंच, आणि मध्ये जमिनीत पक्कं बसवलेलं हूक. जुन्या शटरचा साइड चॅनेल (कडेची खाच) उथळ असेल तर पट्टी त्यातून निसटते, तो बदलून घ्या. रात्री गल्ल्याचा ड्रॉवर रिकामा करून उघडा ठेवा. बंद ड्रॉवर दिसला की तो तोडतात, आणि नुकसान रोकडीपेक्षा फर्निचरचं जास्त होतं. आत एक दिवा चालू ठेवा.

आणि पाठीमागची भिंत बघा! समोर एवढं लोखंड लावतात आणि मागे चार इंची विटांची भिंत, नाहीतर वर पत्रा. शेजारचा गाळा रिकामा असेल तर मधल्या भिंतीला भगदाड पाडून येतात.

रातराणी

शटरवालेदादा, एवढं मुद्देसूद कुणी सांगत नाही. माझ्या भावाच्या मोबाइलच्या दुकानात पत्रा उचकटूनच आले होते. जाताना डीव्हीआर पण घेऊन गेले. सगळं चित्रण त्यातच. भिंतीवर चार कॅमेरे लटकत राहिले.

खारीबिस्किट

@रातराणी, म्हणून डीव्हीआर गल्ल्याखाली ठेवायचा नसतो. पोटमाळ्यावर, कुलूपबंद लोखंडी पेटीत ठेवायचा, आणि चित्रणाची एक प्रत इंटरनेटवर साठेल अशी सोय करायची.

बंदोबस्त

पोलीस खात्यातून निवृत्त झालोय. बरीच वर्षं रात्रगस्त केली आहे. माझा अनुभव लिहितो.

थंडीत चोराला तीन गोष्टींचा फायदा मिळतो. एक, रात्र मोठी. दोन, माणसाने कानटोपी घातली, मफलर गुंडाळला, शाल घेतली तरी कुणाला वावगं वाटत नाही. जून महिन्यात तोंड झाकून फिरणारा नजरेत भरतो, जानेवारीत सगळेच तसे फिरतात. कॅमेऱ्यातही मग कानटोपी आणि दोन डोळे एवढंच येतं. तीन, रात्री दोन ते चारच्या दरम्यान वॉचमनपासून गल्लीतल्या कुत्र्यापर्यंत सगळे गारठलेले असतात.

टेहळणी मात्र दिवसा होते. दारात पडलेली दुधाची पिशवी, कडीत अडकलेली दोन दिवसांची वर्तमानपत्रं, रोज रांगोळी असणाऱ्या उंबऱ्यावर रांगोळी नाही, दिवसाढवळ्या जळणारा बाहेरचा दिवा. हा शेवटचा मुद्दा लोकांना माहीतच नसतो. ‘दिवा लावून जातो’ म्हणतात, पण तो दुपारी बारालाही जळत असला की घर बंद असल्याचं उघड होतं. दिवा शेजाऱ्याने संध्याकाळी लावावा आणि सकाळी बंद करावा, किंवा टायमर बसवावा.

आता एक गोष्ट सगळ्यांनी आजच करावी. चोर बंद घर फोडण्याआधी त्या मजल्यावरच्या बाकी घरांना बाहेरून कड्या लावतात. आवाजाने शेजारी उठला तरी त्याला बाहेर पडता येत नाही. कित्येक पंचनाम्यांत मी हे लिहिलेलं आहे. तुम्ही घरात राहत असाल तर दाराची बाहेरची कडी काढून टाका, किंवा ती सरकणार नाही अशी पक्की करून घ्या. रात्री दार बाहेरून लावलेलं आढळलं तर धक्के देत बसू नका. लगेच ११२ ला फोन लावा आणि शेजाऱ्यांना उठवा.

गावाला जाताना पोलीस चौकीत पत्ता आणि तारखा सांगून जा. गस्तीवाल्यांच्या यादीत घर येतं. लोक लाजतात, त्यात लाजण्यासारखं काहीही नाही.

सदाफुली

बाहेरची कडी! हे वाचून आत्ता उठून बघून आले, आमच्या दाराला आहे. उद्याच सुताराला बोलावते. काका, मनापासून आभार.

चहाबाज

+१. आमच्या इमारतीतल्या आजोबांनी बाहेरच्या कडीला आतून दोरी बांधली आहे, कुणी कडी हलवली तर आतली पितळी घंटा वाजते. दूधवाला रोज पहाटे ती वाजवतो आणि आजोबा रोज पहाटे काठी घेऊन बाहेर येतात. :)

बंदोबस्त

@चहाबाज, आजोबांना माझा नमस्कार सांगा. पण काठी घेऊन बाहेर येऊ नका म्हणावं. आतूनच दिवे लावायचे, आरडाओरडा करायचा आणि फोन करायचा. चोर पळून गेला तर जाऊ दे. त्याच्या हातात कटावणी असते आणि तोही घाबरलेला असतो.

गोदाकाठ

शहराचं झालं, आता जरा शिवाराकडे या. मी निफाड तालुक्यातला, द्राक्षबाग आहे. आमच्याकडे पारा पाच-सहावर उतरतो, कधी त्याच्याही खाली. थंडीने मणी फुटू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्यात शेतीची वीज आळीपाळीने कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की घरातला कर्ता गडी मोटार चालू करायला मळ्यात आणि वस्तीवर म्हातारी माणसं, बाया आणि लेकरं. हे येणाऱ्याला बरोबर माहीत असतं.

आमच्याकडे घरापेक्षा विहिरीवरची मोटार आणि केबल जास्त जाते. केबल जाळून आतलं तांबं विकतात. एक केबल गेली तर पैशाचं नुकसान आहेच, पण नवीन येईपर्यंत बागेला पाणी नाही, आणि ऐन मणी फुगायच्या वेळी पाणी चुकलं तर हंगामच हातचा जातो. म्हणून आम्ही केबल पाइपातून जमिनीत गाडली. जिथे वर येते तिथे सिमेंटचा ठोकळा ओतला. मोटारीवर नाव कोरून घेतलं.

गावात तरुण पोरांचं ग्रामसुरक्षा दल आहे, पोलीस पाटलांनी पुढाकार घेऊन बांधलंय. थंडीत पाळ्या लावतात. कुणाला अंधारात गाडी दिसली की एका फोनवरून सगळ्यांना निरोप जातो. पूर्वी गावात जागल्या, म्हणजे रात्रीचा राखणदार, असायचा, ते काम आता असं वाटून घेतलंय. मला विचाराल तर एवढ्या वर्षांत उपयोगी पडलं ते हेच. कॅमेरा मळ्यात कुठे लावणार?

तिळगूळ

@गोदाकाठ, ऊसतोड चालू असताना बिबट्याचाही त्रास असतो ना? आमच्या जुन्नरकडे वस्तीवरची माणसं त्याच धास्तीने रात्री बाहेर पडत नाहीत.

गोदाकाठ

असतो तर. ऊस तुटला की त्याचा आसरा जातो आणि तो वस्तीकडे सरकतो. त्यामुळे आमची पोरं एकटी फिरत नाहीत, टोळीने आणि बॅटऱ्या घेऊन, मोठ्याने बोलत फिरतात. चोर आणि बिबट्या दोघंही लांब राहतात.

बंबवाला

धागा चांगला चाललाय, पण एका गोष्टीची मला काळजी वाटते म्हणून लिहितोय. मी इमारतींच्या आगप्रतिबंधक यंत्रणांची कामं करतो.

चोराच्या भीतीने लोक स्वतःला कोंडून घेतात. सगळ्या खिडक्यांना पक्क्या वेल्डिंगच्या जाळ्या, बाल्कनीला पेटीसारखं ग्रिल, गच्चीच्या दाराला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरीच्या घरी, सेक्रेटरी गावाला. रात्री जिन्यात मीटरबॉक्सला आग लागली तर जायचं कुठे? धूर जिन्यातूनच वर चढतो. माणसं भाजून मरण्याआधी धुराने गुदमरतात. मुंबईत कमला मिलला २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर आग लागली, १४ जीव गेले. त्यातले बरेच स्वच्छतागृहात अडकून गुदमरले होते.

ग्रिल लावा, पण प्रत्येक खोलीतल्या एका तरी खिडकीच्या ग्रिलला उघडणारा भाग ठेवा. त्याला आतून कुलूप असेल तर किल्ली तिथेच, बाहेरून हात पुरणार नाही अशा जागी टांगा आणि घरातल्या लहानथोरांना दाखवून ठेवा. गच्चीचं दार जिन्याच्या बाजूने कुलपाशिवाय उघडलं पाहिजे. व्यापारी इमारतीत मागचं दार साखळी घालून बंद करतात, ते तर अक्षम्य आहे. आतून दांडी दाबली की उघडणारं आणि बाहेरून न उघडणारं दार मिळतं. चोरही थांबतो आणि माणूसही बाहेर पडतो.

ओसरी

बंबवाला, आमच्या गच्चीला कुलूप आहे, कारण वरच्या दोन घरांना भीती वाटते की शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरून कुणी उडी मारून येईल. त्यांची भीती अगदी निराधार नाही, अंतर खरोखर कमी आहे.

बंबवाला

मग येणारा गच्चीच्या बाजूने आत येऊ नये एवढंच हवंय ना? दार लोखंडी करा आणि कडी जिन्याच्या बाजूला ठेवा. गच्चीकडून ती काढता येणार नाही, जिन्याकडून लहान मूलही काढेल. कुलपाची गरजच नाही.

मनमोकळी

मी या मुद्द्यावर थोडी असहमत आहे. मी तळमजल्यावर एकटी राहते. उघडणारं ग्रिल म्हणजे माझ्यासाठी आणखी एक दार. आग वर्षानुवर्षांत एकदा लागेल, खिडकीशी खुडबुड मात्र मी स्वतः ऐकली आहे. मला पक्कंच ग्रिल हवं आणि त्यात मला चुकीचं वाटत नाही.

बंबवाला

मनमोकळीताई, तुमची भीती मी हलक्यात घेत नाही. तळमजल्यावर मागच्या बाजूला दुसरं दार असेल तर खिडक्या पक्क्या ठेवा, हरकत नाही. दार एकच असेल तर मात्र एका खिडकीचा आग्रह धरीन. उघडणारा भाग पक्क्या ग्रिलइतकाच मजबूत करता येतो, बिजागऱ्या आतून वेल्ड करायच्या आणि कुलूप आतल्या बाजूला पत्र्याच्या पेटीत झाकायचं. बाहेरून ते दिसतही नाही.

मनमोकळी

मागे दार नाही. पत्र्याच्या पेटीचं पटतंय. फॅब्रिकेटरला विचारते.

डॉ_कुलकर्णी_नव्हे

खिडक्यांवरून आठवलं. थंडी आणि चोर, दोन्हींमुळे बाथरूमची खिडकीसुद्धा बंद करून वर कागद चिकटवतात, आणि आत गॅस गिझर चालू असतो. दर हिवाळ्यात यात माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आधी गरगरतं, मळमळतं, मग शुद्ध जाते. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी बसवा. आणि वॉचमनच्या केबिनमध्ये कोळशाची शेगडी ठेवून दार लावून घेऊ देऊ नका, तिथेही तोच धोका.

रातराणी

आयडी बदला हो, मी नाव वाचून डॉक्टर समजून औषध विचारणार होते. :) पण मुद्दा फार महत्त्वाचा.

हापूसकर

कोकणातली बंद घरं हा वेगळाच विषय आहे. आमचं घर रत्नागिरीजवळ. गणपतीला उघडतं, मग थेट शिमग्याला. मधले सगळे महिने कुलूप. चोराला तिथे रोकड सापडत नाही, तो नेतो ती तांब्यापितळेची भांडी. पणजीपासूनचे हंडे, घंगाळं, समया. किलोवर विकली जातात, पण आम्हाला ती पुन्हा मिळायची नाहीत.

आम्ही वाडीतल्या सहा बंद घरांनी मिळून एक माणूस नेमला. तो पंधरवड्याला प्रत्येक घर उघडतो, झाडतो, तासभर दारं-खिडक्या उघड्या ठेवतो, कौलं फुटली आहेत का बघतो आणि फोटो पाठवतो. वाळवीही कळते, चोरही फिरकत नाही. डिसेंबरपासून आंब्याच्या बागांवर राखणीला नेपाळी कामगार येतात, त्यांचा वावर बागांमधून रात्रंदिवस असतो, त्याचाही उपयोग होतो. फक्त त्यांची नावनिशी पोलीस ठाण्यात नोंदवलेली असावी, त्यांच्याही सोयीसाठी. नाहीतर काही झालं की पहिला संशय बिचाऱ्यांवरच.

मेपलपान

कॅनडातून लिहिते आहे. इथली बरीच मराठी कुटुंबं डिसेंबरात लग्नकार्यासाठी महिनाभर भारतात जातात आणि घर बंद. इथे चोराइतकीच भीती पाण्याची.

बाहेर उणे वीस असतं. हीटिंग बंद पडलं तर भिंतीतले पाइप गोठतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, पाइप तडकतो, आणि बर्फ वितळला की घरात पाणी वाहत राहतं. जाताना मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचा, सगळे नळ उघडून पाइपातलं पाणी काढून टाकायचं, फ्लश रिकामे करायचे, हीटिंग मात्र पंधरा अंशांच्या आसपास चालूच ठेवायचं.

इथल्या बऱ्याच घरविम्यांत अट असते की थंडीच्या मोसमात चार दिवसांपेक्षा जास्त घर बंद राहणार असेल तर कुणीतरी रोज आत जाऊन बघितलं पाहिजे किंवा पाणी तोडून पाइप रिकामे केलेले असले पाहिजेत. नाहीतर गोठण्याचं नुकसान मिळत नाही. पॉलिसी काढून स्वतः वाचा.

आणि बर्फ चुगली करतो. आठवडाभर ड्राइव्हवेवर एकही पाऊलखूण नाही, टायरची खूण नाही, म्हणजे घर रिकामं. आम्ही शेजाऱ्यांना त्यांची दुसरी गाडी आमच्या ड्राइव्हवेवर लावायला सांगतो. त्यांनाही जागा मिळते.

लेस्टरची_लेक

इंग्लंडात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरात चारला अंधार. ऑफिसातून घरी यायला सहा वाजतात, त्या मधल्या दोन तासांत घरं फुटतात. दिवाळीच्या सुमारास इथले पोलीस भारतीय वंशाच्या लोकांना मुद्दाम सावध करतात, कारण आपल्या घरात सोनं असतं हे सर्वांना ठाऊक झालंय. टायमरवरचे दिवे ही इथली अगदी साधी सवय आहे. विमा कंपन्या बऱ्याचदा दाराला ब्रिटिश स्टँडर्ड ३६२१ चं पाच लिव्हरचं लॉक मागतात.

सदाफुली

सोन्यावरून, बँकेच्या लॉकरमधलं गेलं तर बँक काहीच देत नाही हे खरं का? माझ्या सासूबाई त्या भीतीने सगळं घरातच ठेवतात.

वकीलकाकू

खरं नाही. रिझर्व्ह बँकेचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू आहेत. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा बँक कर्मचाऱ्याचा अपहार, यांमुळे लॉकरमधलं गेलं तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. तीन हजार भाडं असेल तर तीन लाखांपर्यंत. भूकंप, पूर अशा नैसर्गिक आपत्तीत नाही. सोनं त्याहून जास्त असेल तर त्याचा स्वतंत्र विमा घ्या. पण कपाटातल्या साडीच्या घडीपेक्षा लॉकर केव्हाही बरा, हे सासूबाईंना माझ्या वतीने सांगा. साड्यांच्या घड्या, तांदळाचा डबा, देव्हाऱ्याखालचा कप्पा, चोर आधी तिथेच बघतात.

आलेच आहे तर घरफोडी झाल्यावरचंही लिहिते. कशालाही हात लावू नका, कपाट आवरू नका, बोटांचे ठसे जातात. फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन दिलीत तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. रात्रीची घरफोडी चोरीसाठी असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३१ खाली चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

कॅमेऱ्याचं चित्रण कोर्टात चालण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. शिवाय डीव्हीआर जुन्यावर नवीन रेकॉर्ड करत जातो. पोलीस मागतील तेव्हा बघू म्हणून थांबलात तर नेमकी ती रात्र पुसली जाईल. त्याच दिवशी पोलिसांना ते ताब्यात घ्यायला सांगा.

विम्यासाठी एक. दुकानाच्या चोरीविम्यात बहुधा ‘फोडून आत शिरल्याची खूण’ ही अट असते. तोडलेलं शटर पंचनामा आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरची पाहणी दोन्ही होईपर्यंत दुरुस्त करू नका. तोवर दुकान माणूस बसवून सांभाळा.

खारीबिस्किट

या धाग्याची प्रिंट काढून आमच्या नोटीस बोर्डावर लावतोय. पण कॅमेऱ्यांबद्दल माझं मत कायम आहे.

बंदोबस्त

@खारीबिस्किट, मी कॅमेऱ्याविरुद्ध नाही. तपासात त्याची फार मदत होते. पण तो चोरी झाल्यावर बोलतो. आणि थंडीत त्याची काळजी घ्यावी लागते. पहाटे काचेवर दव धरतं, धुकं असेल तर त्याचाच प्रकाश धुक्यावर आपटून चित्र पांढरं फटक होतं. कोळ्याची जाळी रोजची. आठवड्यातून एकदा काच पुसा आणि रात्रीचं चित्र उघडून बघा. आणि एक तरी कॅमेरा चेहऱ्याच्या उंचीवर, फाटकाजवळ लावा. वरून काढलेल्या चित्रात टोपीच दिसते.

तिळगूळ

वॉचमनबद्दल कुणी लिहिलंच नाही. ओसरी, तुम्ही रात्रीच्या वॉचमनवर खर्च म्हणालात, म्हणजे नेमका कशावर? बहुतेक ठिकाणी साठीचे काका असतात, प्लास्टिकच्या खुर्चीवर, बारा-बारा तास, अंगावर एक विरलेलं स्वेटर. झोपले की आपण ओरडतो.

ओसरी

तिळगूळ, माझ्या मनात नेमकं तेच होतं. आमचे वॉचमनकाका दिवसा दुसरीकडे काम करून रात्री इथे येतात, कारण एका पगारात भागत नाही. त्यांना जाग कशी येणार? एजन्सी आमच्याकडून किती घेते आणि त्यांच्या हातात किती देते हे मी विचारलं, तर उत्तर द्यायला कुणी तयार नाही.

वकीलकाकू

ओसरी, एजन्सीकडे २००५ च्या केंद्रीय कायद्याखालचा परवाना आहे का ते आधी बघा आणि पगारपत्रक मागा. दुसरा मार्ग म्हणजे सुरक्षा रक्षक मंडळ. महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याने ही मंडळं आहेत, तिथून नोंदणीकृत रक्षक मिळतो आणि पगार, भविष्यनिर्वाह निधी मंडळामार्फत जातो. खर्च जास्त येईल, पण माणूस एकाच जागी काम करेल.

गोदाकाठ

रात्रभर जागणाऱ्या माणसाला दोन वेळा गरम चहा मिळाला तर तो जागतो. आमच्या पोरांना पाळीपाळीने एकेका घरातून चहा जातो. त्या निमित्ताने घरातलंही एक माणूस दोन वाजता जागं असतं.

सदाफुली

हे किती छान आहे. आमच्याकडे आठ घरं आहेत, प्रत्येकाकडे आठ दिवसांतून एकदा थर्मास द्यायची पाळी सहज येईल.

ओसरी

मंडळी, काल पुन्हा मीटिंग झाली. हा धागा मोबाइलवर उघडून वाचूनच दाखवला. ठरलं ते सांगते. नव्या कॅमेऱ्यांऐवजी आहेत ते नीट करायचे, एक फाटकाशी खाली आणायचा आणि डीव्हीआर गाळ्यातून वर हलवायचा. सगळ्या घरांच्या बाहेरच्या कड्या निघणार. ज्यांना कडी काढायची नाही त्यांनी लिहून द्यायचं, पण कुणी दिलं नाही. गच्चीचं दार बंबवाल्यांनी सांगितलं तसं. कोण कधी गावाला जाणार याची यादी फक्त माझ्याकडे आणि वॉचमनकाकांकडे राहील, ग्रुपवर टाकायची नाही. गाळेवाल्यांपैकी दोघं सेंट्रल लॉकला तयार झाले, तिसऱ्यांचं म्हणणं की शटर मालकाचं आहे, मालकाने करावं. तो वाद चालू आहे.

वॉचमनकाकांच्या पगारावर मात्र एकमत झालं नाही. मेंटेनन्स वाढेल म्हणून तिघांचा विरोध आहे. मी पुढच्या महिन्यात पुन्हा मांडणार आहे. तोवर जॅकेट, ब्लँकेट आणि केबिनला वरून झरोका एवढं मंजूर करून घेतलंय. शेगडी बंद.

शटरवालेदादा, सुतार शनिवारी येतोय. आमच्या काही चौकटी सागवानी आहेत, काही नव्या घरांच्या ग्रॅनाइटच्या. ग्रॅनाइटला आरपार बोल्ट कसा टाकायचा?

शटरवाला

ग्रॅनाइटला आरपार भोक पाडायच्या फंदात पडू नका, कडेला चीर जाते. तिथे दारातच बसणारं लॉक घ्या आणि लॉकची जीभ जिथे शिरते ती पट्टी ग्रॅनाइटमागच्या भिंतीत लांब अँकर फास्टनरने पक्की करा. सागवानी चौकटीला आठ मिलिमीटरचा बोल्ट चालेल. बाहेर गोल डोक्याचा घ्या, म्हणजे पाना लागत नाही, आत मोठा वायसर आणि नट. नट घट्ट केल्यावर बोल्टचं उरलेलं टोक कापून घ्यायला सांगा, नाहीतर येता-जाता कपडे अडकतात.